बाणवालीच्या बारा सुया

घराबाहेर पडताना ती गॅसचं बटण तीनदा बघायची. एकदा डोळ्यांनी, एकदा हाताने, आणि कुलूप लावून झाल्यावर अर्ध्या जिन्यातून परत येऊन आणखी एकदा. नवरा सिटी बस चालवायचा. सकाळच्या पाळीची त्याला घाई. खाली उभा राहून तो ओरडायचा, "अगं, बटण पळून जातंय की काय?"

"तुम्ही हसा. घर पेटलं म्हणजे कळेल."

"घर पेटलंच तर तुझ्या धसक्याने पेटेल. गॅस बिचारा फुकट बदनाम."

तोवर वरच्या मजल्यावरून धाकटी जाऊ चपला सरकवत उतरायची आणि न चुकता भर घालायची, "भाऊजी, ते बटणच काढून ताईंच्या पर्समध्ये टाका. सुटाल एकदाचे."

दोघी जावा एकाच कारखान्यात कामाला होत्या. टायरचं दुकान आणि छापखाना यांच्या मधली दुमजली इमारत. शेजारचा टायरवाला कित्येक वर्षं समजत होता की इथे थर्मामीटर बनतात, आणि ताप आला की तो मागायलाही यायचा.

बनत होती ती एक सुई. हातभर लांब, आतून पोकळ, टोकाकडे जराशी वाकलेली. पहिल्यांदा कामावर येणाऱ्याला साहेब प्लास्टिकचं हृदय हातात धरून समजावायचे. जांघेतल्या शिरेतून एक लांब नळी हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात नेतात, आणि त्या नळीतून ही सुई. उजव्या आणि डाव्या कप्प्याच्या मधे एक पडदा असतो. दुखणं डावीकडे असलं, म्हणजे झडप आवळलेली किंवा ठोके भरकटलेले, तर त्या पडद्याला टोचून पलीकडे जायचं. छाती उघडायची नाही, काही नाही. टोचायची जागा अंगठ्याच्या नखाएवढी. तिच्या पुढे महारोहिणी, शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, मागे हृदयाची बाहेरची भिंत. टोक या बाजूला गेलं किंवा त्या बाजूला गेलं, तर...

साहेब "तर" वर थांबायचे आणि प्लास्टिकचं हृदय टेबलावर ठेवून द्यायचे.

"पण डॉक्टरांना आत दिसतं ना?" बावीस वर्षांपूर्वी तिने विचारलं होतं. तेव्हाचे साहेब वेगळे, हृदय तेच.

"एक्स-रेच्या पडद्यावर दिसतं. पण तिथे सगळं सपाट. बाक आपल्याकडे वळलाय की पलीकडे, ते धड कळत नाही. म्हणून सुईच्या बाहेरच्या टोकाला ही मूठ, आणि मुठीवर हा बाण. आत बाक जिकडे, बाहेर बाण तिकडे. डॉक्टर घड्याळाच्या हिशेबाने फिरवतात. बाण साडेचार-पाचावर आणला की बाक पडद्याकडे."

"आणि बाण चुकला तर?"

"बाई, तुम्ही घरीही एवढे प्रश्न विचारता?"

विचारायची. म्हणून तर बाण बसवायचं काम तिच्याकडे आलं. मूठ आणि सुई यांचा सांधा जुळवायला काळजी करणारं माणूस लागतं, हे त्या जुन्या साहेबांनी ओळखलं होतं. तेव्हापासून ती बाणवाली. टोपी, मास्क आणि पांढऱ्या अंगरख्यात सहा बायका ओळीने बसायच्या, नुसते डोळे दिसायचे, पण बाणवालीचे डोळे लांबून ओळखू यायचे. सतत काहीतरी हरवल्यासारखे. घड्याळाची भाषा तिच्या अंगात इतकी मुरली की घरीही ती नवऱ्याला म्हणायची, "अहो, टोपी दोनावर गेलीय, बारावर आणा." आणि तो बसचालकाची टोपी सरळ करता करता म्हणायचा, "आणली. आता पुढचा स्टॉप सांगा."

काम असं. मूठ साच्यात बसवायची. साच्याला खाच होती, तिच्यात बाण अडकवला की तो सरळ खाली बघणार, इकडे नाही की तिकडे नाही. मग सुई मुठीत घालून फिरवायची, बाकही सरळ खाली येईपर्यंत. आला की गोंदाचा थेंब. बाक बरोबर खाली आलाय हे बघायला एक खाचेचं माप होतं, आणि कागदावरच्या नियमाप्रमाणे प्रत्येक सुईला ते माप लावायचं होतं. पण मापाला टोक घासायचं. तिला ते सहन व्हायचं नाही. केवढ्या निगुतीने धार लावलेलं टोक, त्याला आपणच ओरखडा काढायचा?

तिने स्वतःची युक्ती काढली होती. साच्याखाली पांढरी पाटी होती, वर दिवा. सुई फिरवत फिरवत पाटीवरची सावली बघायची. बाक जरा जरी कलला असला तरी सावलीही वाकडी. बाक बरोबर खाली आला की सावलीतला बाक नाहीसा होतो, उरते एक सरळ रेघ. ती रेघ दिसली की थेंब. टोकाला कशाचा स्पर्श नाही. पहिल्या वर्षी तिने शंभर सुया सावलीने लावून मग मापाने तपासल्या होत्या. शंभरच्या शंभर बरोबर. पुढे मापाचा डबा खणात मागे मागे गेला. साहेबांना ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. ठाऊक असून ते दुसरीकडे बघायचे.

तिच्यानंतर तपासणीला बसायची धाकटी जाऊ. हिला कामाला चिकटवलं होतं तेही बाणवालीनेच, साहेबांच्या मागे लागून. नियमाने दहातली एक सुई मापाने बघायची आणि सही करायची, म्हणून सगळ्या तिला 'दहात एक' म्हणायच्या.

"बाकीच्या नऊ कोण बघतं गं?" एखादी चिडवायची.

"बाकीच्या नऊ माझ्या जाऊबाईंच्या काळजीवर चालतात," धाकटी म्हणायची. "ती काय थोडी आहे?"

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला वायरमन शिडी घेऊन आला. वरच्या दिव्याची काच पुसायची होती. बाणवालीच्या साच्यात तेव्हा एक सुई होती, सावली सरळ लागलेली, थेंब टाकायचा बाकी.

"बाई, वरचा बंद करतोय. तोवर हा घ्या." त्याने तिच्या डाव्या खांद्याजवळच्या फळीला चिमट्याचा दिवा अडकवला आणि बटण दाबलं. वरचा दिवा गेला.

पाटीवरच्या सरळ रेघेला बाक फुटला.

सुई हलली नव्हती. तिने हातही लावला नव्हता. रेघ आपली पाटीवर वळून पडलेली, एखाद्याने मान फिरवावी तशी.

"दादा," ती म्हणाली, "हा दिवा मागे कधी लावला होता का इथे?"

"लावला होता ना. नाही का मागे दुपारी तुमचा वरचा दिवा गेला होता? जेवणाच्या सुट्टीनंतर हाच दिला होता मी. दुसऱ्या दिवशी तुम्ही यायच्या आत वरचा नवा बसवला."

"किती दिवस झाले?"

"दहा? अकरा झाले असतील. का हो, भाजतं का याने?"

भाजत होतं, पण खांद्याला नाही. तिला ती दुपार लख्ख आठवली. आठवली, कारण त्या दुपारी सावल्या नेहमीपेक्षा ठसठशीत पडल्या होत्या, आणि ती मनाशी म्हणाली होती, आज हात काय छान चाललाय. तिरप्या दिव्याखाली ती एकेक सुई फिरवत गेली होती, सावली सरळ होईपर्यंत. सावली सरळ झाली होती. बाक मात्र तिरप्या उजेडाच्या रेषेत कलला होता. आणि बाण, खाचेतला बाण, इमानेइतबारे खालीच बघत होता.

तिने बॅचची वही काढली. चाळीस सुयांची बॅच. जेवणाच्या सुट्टीच्या आधी अठ्ठावीस. नंतर एकोणतीस ते चाळीस.

बारा.

तिने वही मिटली. ती उठली आणि तपासणीच्या टेबलापाशी गेली. "चल जरा हात धुवायला."

"आत्ता? ताई, माझी वही अर्धी..."

"चल म्हणते ना."

हात धुवायच्या खोलीत दोन बेसिनं आणि एक उंच खिडकी. बाणवालीने नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात सगळं सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, ही हसेल, म्हणेल, ताई, बटण बघून आलात ना? धाकटी हसली नाही.

"त्या बॅचच्या कुठल्या चार बघितल्यास गं तू?"

धाकटी भिंतीकडे बघायला लागली. "पुढच्या ओळीतल्या."

"चारही?"

"मागच्या ओळीचा गोंद ओला होता, ताई. ओल्याला माप लावलं तर मूठ हलते. तुम्हीच सांगितलं होतंत मला, ओल्याला हात लावू नको."

"सांगितलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. मीच सांगितलं होतं."

धाकटीने नळ बंद केला. "सही माझी आहे, ताई. खाली चाळीस सुया लिहिलंय आणि माझी सही. तुम्ही साहेबांकडे गेलात की पहिलं कोण जाईल? तुम्ही बाणवाली, तुम्हाला कोण हात लावतंय! मी दहात एक." तिचा आवाज चिरकला. "आणि दिवा एवढा तिरका असेलच कशावरून? थोडंफार चालतं ना? बाण दहा मिनिटं इकडेतिकडे असला तरी चालतंच की."

"दहा मिनिटं चालतं."

"तर झालं!"

"किती मिनिटं आहे ते बघायला नको का?"

धाकटीने बंद नळ उगाच आणखी घट्ट पिळला. बाणवालीला तिचा राग आला नाही, आणि तेच जास्त वाईट वाटलं. अगदी हेच ती स्वतः गेली पाच मिनिटं स्वतःला सांगत होती. दिवा एवढा तिरका नसेल. डॉक्टर बघतच असतील. त्या बारा अजून गोदामातच असतील. बावीस वर्षं उगाचच्या गोष्टींना घाबरण्यात गेली. आणि आज खरंच घाबरायची वेळ आली तर मन कसं समजूत काढायला पुढे सरसावलं!

"गोदामात चल," ती म्हणाली. "आधी बघू. मग घाबरू."

गोदाम खाली. थंड, कोरडं, पुठ्ठ्याच्या वासाचं. त्या बॅचच्या दहा-दहाच्या चार पेट्या आठवडाभर गॅसने निर्जंतुक होऊन कालच फळीवर आल्या होत्या. फळीवर तीन होत्या.

"चौथी?" बाणवालीने गोदामवाल्याला विचारलं.

"एकतीस ते चाळीस? सकाळी गेली. मोठ्या हॉस्पिटलला. त्यांची संपत आली होती म्हणे, वरची पेटी उचलली आणि दिली." त्याने मास्कमधल्या दोन चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघितलं. "का? कुणी गेलं का?"

"तोंड सांभाळ," धाकटी ओरडली. तिने तिसरी पेटी खाली ओढली होती. तिच्या तळाशी एकोणतीस आणि तीस. निर्जंतुक पाकीट फोडायचं म्हणजे ती सुई बाद, आणि फोडायला साहेबांची लेखी परवानगी लागते. धाकटीने एकोणतीसचं पाकीट धरलं, जाऊबाईंकडे बघितलं, आणि टराटरा फाडलं.

मापाचा डबा धाकटीने येतानाच खिशात टाकून आणला होता. बाण खाचेत. टोकाखाली मापाची चकती, घड्याळासारखे आकडे कोरलेली. बाण सहावर लागला की बाकाचं टोकही सहावर हवं.

टोक सातावर होतं.

"तीसची फाड," बाणवाली म्हणाली.

सात.

"एक तास," धाकटी पुटपुटली. "ताई, अख्खा एक तास."

साहेबांची खोली वरती जिन्याच्या टोकाला. जिन्यावरून चढताना धाकटी एकदाच म्हणाली, "मी सांगते. सही माझी आहे." आणि बाणवाली म्हणाली, "सावली माझी आहे. तू फक्त फाटलेलं पाकीट दाखव."

साहेब तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिला मावशी म्हणायचे. त्यांनी ऐकून घेतलं. मधे एकदाच बोलले, "मापाने नव्हतात लावत?" आणि उत्तराची वाट न बघता फोन उचलला. उत्तर त्यांनाही ठाऊक होतंच.

हॉस्पिटलचा फोन लागला, वाजत राहिला, तुटला. परत. एंगेज. परत. बाणवाली टेबलाच्या कडेला धरून उभी होती. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं. तिने तिकडे पाठ केली.

चौथ्यांदा कुणीतरी उचलला. साहेबांनी स्पीकर लावला.

"कॅथलॅब. बोला लवकर, केस चालू आहे."

"आम्ही पडद्याच्या सुया बनवतो तिथून बोलतोय. आज सकाळी एक पेटी आलीय तुमच्याकडे..."

"आली. पोच दिली होती मी."

"त्यातली एकही वापरू नका. बाण..."

"अहो, वापरू नका काय? एक उघडलीय."

साहेबांनी बाणवालीकडे बघितलं. बाणवालीने फोन आपल्याकडे ओढला.

"दादा, मी सांगते ते ऐका. पाकीट आहे का समोर? त्याच्यावरचा नंबर वाचा."

"तुम्ही कोण?"

"मी बाण बसवते. नंबर वाचा हो."

कागदाचा आवाज. "शेवटचे आकडे तेहेतीस."

"सुई कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? आत आहे. नळीतून वर गेलीय. डॉक्टर फिरवतायत आत्ता."

"टोचलं?"

"नाही अजून, पण..."

"त्यांना थांबवा. म्हणावं बाण एक तास खोटा आहे. एवढंच सांगा. बाण एक तास खोटा आहे."

टेबलावर फोन आपटल्याचा आवाज. पावलं. दार. मग लांबून कसले तरी ठोके, टीक टीक टीक, यंत्रातून येणारे, कुणाच्या तरी छातीतले. साहेब उभे. धाकटीने फाटलेलं पाकीट तोंडावर धरलेलं. बाणवाली ते ठोके ऐकत होती. तेवढेच ऐकत होती. चुकला का एखादा? भरकटला का? तिला काय कळणार, ती बाण बसवणारी. तरी तिने मोजायला सुरुवात केली. साठापर्यंत आली, परत एकपासून सुरू केलं, परत साठापर्यंत. ती सावकाश मोजत होती की ते घाईत होते, देव जाणे.

मग कुणीतरी फोन उचलला. आवाज वेगळा, मास्कमधून येणारा, दमलेला.

"मी डॉक्टर बोलतोय. फोन कानाला धरलाय सिस्टरने, तेव्हा थोडक्यात. सुई मागे घेतलीय मी. बाहेर आहे."

साहेब मटकन खुर्चीत बसले.

"टोचलं नव्हतंत?" तिने विचारलं.

"टेकवली होती. जागा नीट वाटत नव्हती. टोक नेहमीसारखं घरंगळून पडद्यावरच्या खळग्यात पडलं नाही. मी बाण बघितला, बाण बरोबर पाचावर. म्हटलं, पेशंटचं हृदय मोठं झालंय, त्याने जागा सरकली असेल. ढकलणारच होतो." पलीकडे धातूचा ट्रे वाजला. "आता ट्रेमध्ये ठेवून बघतोय. बाण एकीकडे, बाक भलतीकडे. हे कसं झालं?"

"दिवा तिरपा होता," ती म्हणाली. दुसरं काही तिला सुचेना.

"काय?"

"चूक माझी आहे, डॉक्टर. तुमच्याकडे दुसऱ्या बॅचची आहे का?"

"जुनी एक आहे. बघून घेतो आधी." ते थांबले. "खरं सांगू? पूर्वी मी प्रत्येक सुई आत घालण्याआधी डोळ्यासमोर धरून बघायचो, बाक आणि बाण. बाकी कंपन्यांच्या अजूनही बघतो. तुमच्या सुयांचं बघणं सोडून दिलं. कधी चुकल्याच नाहीत. किती वर्षं झाली तेही आठवत नाही."

"बघत जा हो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एवढा मोठा झाला की धाकटी दचकली. "आमच्यापण बघत जा!"

पेशंट बासष्ट वर्षांचा सुतार होता, हे संध्याकाळी चारला कळलं. जुन्या सुईने काम झालं, झडप रुंद केली, बाई तुमच्या साहेबांना सांगा की तो शुद्धीवर आहे आणि पाठ अवघडली म्हणून कुरकुरतोय. असं कॅथलॅबवाल्याने स्वतः फोन करून सांगितलं. बाणवालीने "बरं" म्हटलं. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की धास्ती जाईल. गेली नाही.

कारण तोवर साहेबांनी तिला समोर बसवून एक प्रश्न विचारला होता. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मावशी, यापूर्वी तो दिवा कधी हलला होता का?"

ती बोलायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की तिला ठाऊक नाही. बावीस वर्षं तिने सावली बघितली. मान वर करून दिव्याकडे कधी बघितलंच नाही. छताला रंग दिला तेव्हा? मधे बाकं हलवून भिंतीकडे नेली होती तेव्हा? पंख्याच्या वाऱ्याने? कुणी शिडी टेकवली असेल, कुणी फडका मारला असेल. गॅसचं बटण तीन वेळा बघणारी बाई, आणि दिवा एकदाही नाही.

"आठवत नाही, साहेब."

"लिहून द्या. कसं लावत होतात, कधीपासून, सगळं. उद्यापासून बाणाचं काम बंद. तुमचंही, तपासणीचंही. आणि..." त्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. "प्रत्येक बॅचमागे एक जादा सुई आपण जपून ठेवतो, ती मागच्या खोलीतल्या कपाटात आहे. सगळ्या काढा. मापाने तपासा. चुकीची निघाली की त्याच क्षणी मला सांगा, त्या बॅचमागे फोन करायला मी इथे बसलोय."

"सगळ्या म्हणजे?"

"पहिल्यापासून."

मागच्या खोलीत खिडकी नव्हती. कपाट छताला टेकलेलं, खण वर्षाप्रमाणे लावलेले. एकेका पाकिटात एकेक सुई. धाकटीने स्टूल ओढलं. हात धुवायच्या खोलीनंतर ती जाऊबाईंशी कामापुरतंच बोलली होती, आणि आता काम समोर होतं.

"जुन्याकडून की नव्याकडून?"

"नव्याकडून. नव्या सुया अजून कुणाच्या तरी फळीवर असतील. जुन्या..." बाणवालीने वाक्य सोडून दिलं. जुन्या कुठल्या कुठे पोचल्या होत्या. कुणाकुणाच्या हृदयातून जाऊन कचऱ्यात गेल्या होत्या. काहींबद्दल डॉक्टर म्हणाले असतील, पेशंटचं हृदय मोठं झालं होतं.

"ताई, असा विचार करायला लागलात तर इथेच पडाल. आणि उचलायला मी एकटी आहे." धाकटीने पहिलं पाकीट फाडलं आणि सुई पुढे केली. "तुम्ही लावा. मी लिहिते. आणि माप लावायचं, सावली नाही."

"हो गं बाई."

"टोक घासलं तरी घासू दे."

"हो म्हटलं ना!"

तिने बाण खाचेत अडकवला. टोकाखाली चकती सरकवली. मापाची कड टोकाला लागली, कर्र असा बारीक आवाज झाला, बावीस वर्षं टाळलेला. तिने चष्मा वर ढकलला, वाकून बघितलं, मग परत बघितलं.

"किती?" धाकटीने पेन टेकवून विचारलं.

"सहा."

"नक्की?"

"थांब." ती आणखी वाकली. "सहा. लिही."

"लिहिलं. पुढची."

दुसरी सहा. तिसरी सहा. चौथीला ती एवढा वेळ वाकून राहिली की धाकटीच्या पेनातून शाईचा ठिपका कागदावर पसरला.

"ताई? किती आहे?"

"सहा आहे," बाणवाली म्हणाली. "पण तू बघ एकदा. मला आता माझं दिसलेलं पुरत नाही."

धाकटी स्टुलावरून उतरली, तिने जाऊबाईंच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि दोघींनी मिळून एका चकतीकडे बघितलं.

"सहाच आहे."

"मग तू पण सही कर त्याच्यासमोर. दोघींची लागेल."

"प्रत्येकीला?"

"प्रत्येकीला."

धाकटीने कपाटाकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि अंगरख्याच्या बाह्या दुमडल्या. "भाऊजींना फोन करून सांगते, जेवण तुम्हीच करा म्हणून. आणि बटण बघायला सांगू ना?"

बाणवाली हसली नाही. तिने पाचवं पाकीट हातात घेतलं होतं, आणि ते फाडायला तिचे हात तयार होत नव्हते.

"दे इकडे," धाकटी म्हणाली, आणि फाडलं.